मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये सूं सूं येते? छोटा प्रीॲम्प घेण्याआधी हे तपासा

घरगुती बैठका, भजनं आणि देवळातली कीर्तनं मी गेली बरीच वर्षं हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करते आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तोच प्रश्न घेऊन येतं: "रेकॉर्डिंगमध्ये फार सूं सूं येते, पिशवीत मावेल असा एखादा प्रीॲम्प सांगा." माइकमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो रेकॉर्डरला नीट वाचता येईल इतका मोठा करण्याचं काम प्रीॲम्प करतो. तो प्रत्येक रेकॉर्डरच्या पोटात असतोच, आणि लोकांना त्याच्यापेक्षा चांगला बाहेरून लावायचा असतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी मात्र काही विकत न घेताच मिटल्या. ज्या मिटल्या नाहीत, तिथे प्रीॲम्प खरोखरच लागला, पण नेमका कोणत्या प्रकारचा हे तपासण्या केल्यावरच कळलं. म्हणून इथेही त्याच क्रमाने लिहिते आहे: आधी फुकटच्या तपासण्या, मग दहा-वीस रुपयांच्या, आणि खरेदी शेवटी.

लक्षणं

आधी तुमचं लक्षण यात कुठे बसतं ते पाहा. हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं कळतच नाही.

• आलाप चालू असताना, नुसता तानपुरा वाजत असताना मागे एकसारखी सूं सूं. आवाज वाढवला की तीही वाढते.

• तबल्याची जोरकस थाप, पखवाज, टाळ किंवा तार सप्तकातली तान आली की आवाज फाटतो. मीटर तांबड्यात गेलेला नसतानाही फाटतो.

• थाप पडली की तानपुरा एकदम खाली बसतो आणि सेकंदाभरात परत वर येतो. सगळं रेकॉर्डिंग श्वास घेतल्यासारखं वाटतं.

• खालच्या पट्टीतली सलग घूं, किंवा तिच्यावर चढलेली कर्कश झीं.

• हेडफोनवर ठीक वाटतं, पण मोबाइलच्या स्पीकरवर लावलं की गायकच नाहीसा होतो.

• अधूनमधून टर्र-टर्र, खरखर किंवा फट् फट्.

यातल्या पहिल्या लक्षणाचा प्रीॲम्पशी संबंध असू शकतो. दुसऱ्याचा कधी कधी असतो. बाकीच्या चारांवर जगातला सगळ्यात महाग प्रीॲम्पही उपाय नाही, त्यामुळे ती असतील तर पैसे बाजूला ठेवा आणि पुढे वाचा.

१. माइक किती लांब आहे?

ही तपासणी सगळ्यात पहिली, कारण तिला खर्च शून्य आणि फरक सर्वांत मोठा.

एका भजनी मंडळातला तरुण काकड्याच्या दिवसांत माझ्याकडे आला होता. म्हणाला, "ताई, प्रीॲम्प कुठला घेऊ ते तेवढं सांगा, मंडळाने पैसे काढलेत." मी विचारलं, "माइक कुठे असतो?" तर म्हणे, "खांबाला, वर बांधतो. बुवांच्या समोर नको, बरं दिसत नाही." खांब बुवांपासून चारेक मीटरवर, आणि माइकच्या डोक्यावर पंखा. त्याच्या रेकॉर्डिंगमधली सूं सूं बरीचशी त्या पंख्याची होती.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. चार मीटरवरचा माइक एक मीटरवर आणला, तर गाणं १२ डेसिबलने वर येतं. पंखा, रस्ता, रेकॉर्डरची स्वतःची सूं सूं हे सगळं जिथल्या तिथे राहतं. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे मीटरवर हा फरक पूर्ण दिसत नाही, पण कानाला शब्द स्पष्ट होतात आणि गोंगाट मागे जातो. नुसता प्रीॲम्प बदलून १२ डेसिबल मिळालेले मी क्वचितच पाहिलेत.

बैठकीत मी दोन माइकची जोडी गायकाच्या समोर एक ते दीड मीटरवर ठेवते. उंची बसलेल्या माणसाच्या छातीइतकी, म्हणजे श्रोत्यांच्या नजरेआड येत नाही. एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला पेटी असते, त्यातली पेटी हमखास गायकावर चढते. तिच्या भात्याची बाजू माइककडे येणार नाही असं पाहा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या माइकची पाठ सगळ्यात बहिरी असते, तेव्हा ती पाठ पंख्याकडे किंवा एसीकडे करा. पंख्याचा वारा थेट माइकवर येत असेल तर फोमची टोपी घाला. नाहीतर जी घरघर रेकॉर्ड होते ती नंतर काढता येत नाही.

आणि कलाकाराला आधी विचारा. "पंडितजी, इथे ठेवू का?" एवढं विचारलं तर मला बहुतेकांनी जवळ ठेवू दिलं आहे. न विचारता ठेवलेला माइक मात्र गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी उचलून बाजूला करतं, आणि तो कुठे गेला हे रेकॉर्डिंग संपल्यावरच कळतं.

२. मेनूत शिरा

रेकॉर्डिंग श्वास घेतंय असं वाटत असेल, तर जवळजवळ नक्कीच ऑटो लेव्हल चालू आहे. शांत जागी यंत्र आपोआप गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण, वाढवतं, म्हणून सूं सूं वर येते. थाप पडली की गेन खाली ओढतं, म्हणून तानपुरा बसतो. भाषण टिपायला ही सोय ठीक आहे. संगीतात ती बंदच हवी. तिच्यासोबत लिमिटर आणि कॉम्प्रेसर या मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयीही बंद करा. लो-कट (खालचे सूर कापणारी सोय) मात्र विचार करून वापरा: पखवाजाचा धामा आणि डग्ग्याची घुमारी त्यातच कापली जाते.

मग गेन. इथे दोन उलट चुका होतात. कुणी सुरुवातीच्या मंद्रातल्या आलापावर गेन लावतं आणि द्रुतात सगळं फाटतं. ते एकदा पोळलं की पुढच्या वेळी भीतीने गेन इतका खाली ठेवतात की घरी आल्यावर आवाज ३० डेसिबलने वाढवावा लागतो, आणि सूं सूंही तेवढीच वाढते. पुष्कळ स्वस्त रेकॉर्डरचा प्रीॲम्प कमी गेनवर जास्त गोंगाट करतो, त्यामुळे ही दुसरी चूक दुप्पट महाग पडते.

तबलजी तबला लावत असतील तेव्हा त्यांना दोन-चार जोरकस थापा द्यायला सांगा आणि त्या मीटरवर उणे १८ डेसिबलच्या आसपास येतील असा गेन ठेवा (मीटरवरचं शून्य म्हणजे कमाल मर्यादा). प्रत्यक्ष मैफलीत रंग चढल्यावर तीच थाप सहा ते दहा डेसिबलने मोठी पडते. म्हणजे शिखरं उणे ८ ते उणे १२ च्या दरम्यान राहतात, आणि हे उत्तम. रेकॉर्डिंग २४ बिट वेव्ह ठेवा. ४८ किलोहर्ट्झला स्टीरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी होतं. कार्ड आता स्वस्त आहेत, एमपी३ मध्ये थेट टिपायची गरज उरलेली नाही.

३. सेल आणि वीज

कंडेन्सर माइकला चालायला रेकॉर्डरकडून माइकच्याच वायरमधून येणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, लागते. प्रमाणानुसार ती ४४ ते ५२ च्या आत हवी. सेल उतरले की काही यंत्रांत ती खाली येते. माइक बंद पडत नाही, पण मोठ्या आवाजाला लवकर फाटायला लागतो. दुसऱ्या तासाला फाटणारी रेकॉर्डिंग्ज मला याच कारणाने सापडली आहेत. काही रेकॉर्डरमध्ये सेल वाचवायला २४ व्होल्टचा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेला नाही ना, हे बघा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणून मेनूत सेलचा प्रकार योग्य निवडा. नाहीतर सेल किती उरलाय याचा अंदाज चुकीचा दिसतो आणि मैफल रंगात असताना यंत्र मरतं.

घूं येत असेल तर चार्जर काढा आणि फक्त सेलवर एक मिनिट टिपून पाहा. घूं गेली तर दोष विजेच्या मार्गाचा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूंचा मूळ सूर तिथे असतो. दिव्यांच्या डिमरमधून आणि स्वस्त एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमधून येणारी झीं १०० हर्ट्झ आणि तिच्या पटींवर असते. मांडवात माइकची वायर विजेच्या वायरला समांतर टाकू नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. पॉवर बँक वापरत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: काही पॉवर बँका बारीक चीं घालतात, आणि रेकॉर्डर फारच कमी वीज ओढतो म्हणून काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. घरी तासभर चालवून बघितल्याशिवाय नवी पॉवर बँक मैफलीला नेऊ नये.

टर्र-टर्र येत असेल तर माइकजवळच्या प्रत्येक मोबाइलवर विमान मोड. जुन्या २जी सिग्नलचा फोन सेकंदाला साधारण २१७ झटके देतो. आच्छादन नीट नसलेली वायर ते पकडते आणि आपल्याला टर्र ऐकू येते.

४. वायर आणि जोड

गायक मोबाइलच्या स्पीकरवर नाहीसा होतो, या लक्षणाने लोक फार घाबरतात. फाइलच खराब झाली असं वाटतं. कारण साधं आहे. तीन पिनांच्या एक्सएलआर माइकला ३.५ मिलिमीटरच्या स्टीरिओ जॅकमध्ये घालणारी सरळसोट जोडवायर दोन नंबरची पिन डाव्या बाजूला आणि तीन नंबरची उजव्या बाजूला नेते. त्या दोन पिनांवरचे सिग्नल एकमेकांच्या उलट असतात. हेडफोनवर डावा-उजवा वेगळे राहतात म्हणून ऐकू येतं. मोबाइलचा एकच स्पीकर दोन्हींची बेरीज करतो आणि सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात. झालेलं रेकॉर्डिंग वाचवायला कोणत्याही संपादन-सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू उलटी करा, किंवा एकच बाजू ठेवून तिची मोनो फाइल करा. पुढच्या वेळेसाठी योग्य जोडणीची वायर घ्या.

खरखर येत असेल तर हेडफोन लावून वायर हळू हलवा, मग दुसरी वायर लावून तेच करा. यातून पाच मिनिटांत कळतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कंडेन्सर माइकमधून फट् फट् येते ती बहुतेकदा कॅप्सूलवर बसलेल्या दमटपणाची. माइक सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात रात्रभर ठेवा आणि मग परत ऐका. गरम हवेचा झोत मारू नका, आतला पडदा केसापेक्षाही पातळ असतो.

५. साउंडवाल्याकडून घेतलेला आवाज

मिक्सरमधून एक वायर घेतली की काम सोपं होईल असं वाटतं, आणि मीटर तांबड्यात न जाता आवाज फाटण्याचं हे माझ्या पाहण्यातलं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. व्यावसायिक मिक्सरचा लाइन आउट सुमारे १.२ व्होल्टचा असतो, शिखरं त्याहून बरीच वर जातात. माइकचं इनपुट अपेक्षा करतं मिलिव्होल्टची. त्यामुळे गेनच्या गोल बटणापर्यंत पोचण्याआधीच पहिल्या पायरीवर सिग्नल कापला जातो.

ओळखायचं कसं? फाइल संगणकावर उघडून लहर मोठी करून पाहा. शिखरांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतील, आणि ते सपाट माथे उणे १५-२० डेसिबलवर असतील. गेन कमी केला तर सपाट माथा तसाच राहतो, फक्त बुटका होतो. यावर उपाय म्हणजे रेकॉर्डरचं लाइन इनपुट वापरणं. तसं नसेल तर २० ते ४० डेसिबल कमी करणारी पॅडची वायर मध्ये घाला. आणि मिक्सरला जोडण्याआधी फँटम पॉवर बंद करा. कुणाच्या तरी यंत्राच्या आउटपुटमध्ये ४८ व्होल्ट ढकलणं हे त्याचं नुकसान करण्यासारखं आहे.

६. दीडशे ओहमची चाचणी

इथपर्यंत सगळं तपासलं आणि सूं सूं उरलीच, तर आता दोष कुणाचा ते ठरवायचं: खोलीचा, माइकचा की रेकॉर्डरच्या प्रीॲम्पचा. यासाठी मी सगळ्यांना एकच वस्तू करायला सांगते. एक नर एक्सएलआर प्लग, म्हणजे खिळ्यांचा, आणि एक १५० ओहमचा रेझिस्टर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला रेझिस्टर अगदी चिल्लर पैशांत मिळतो. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पहिले तीन रंग पाहून घ्या. दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये तो डाग देऊन बसवा. हा झाला तुमचा मुका माइक. त्याचा विद्युत रोध खऱ्या माइकसारखा असतो, पण आवाज तो काही ऐकत नाही.

नुसता माइक काढून उघड्या इनपुटची सूं सूं ऐकू नका. उघडं इनपुट नेहमीच जास्त आवाज करतं आणि निष्पाप प्रीॲम्पवर आळ येतो.

रात्री पंखे बंद करून, मैफलीत जो गेन होता तोच ठेवून, खऱ्या माइकने एक मिनिट शांतता टिपा. मग फँटम बंद करून मुका माइक लावा, गेनला हात न लावता आणखी एक मिनिट टिपा. दोन्ही फाइली ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून सरासरी पातळी मोजा.

कंडेन्सर माइकची फाइल मुक्या माइकपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त मोठी असेल, तर प्रीॲम्पचा काही दोष नाही. जगातला सर्वोत्तम प्रीॲम्प आणला तरी अर्ध्या डेसिबलचाही फायदा होणार नाही. सूं सूं माइकची किंवा खोलीची आहे. माइक दोन जाड रजयांत गुंडाळून परत टिपा. पातळी खूप पडली तर खोली, तशीच राहिली तर माइक. फरक ३ डेसिबलच्या आसपास असेल तर निम्मा गोंगाट प्रीॲम्पचा आहे, आणि बदलून जास्तीत जास्त तेवढे ३ डेसिबल मिळतील. दोन्ही फाइली जवळपास सारख्या असतील, तर प्रीॲम्प बदलण्याचा विचार रास्त आहे.

डायनॅमिक माइकला, म्हणजे फँटम न लागणाऱ्या साध्या माइकला, ही कसोटी पुरत नाही, कारण त्याचा स्वतःचा गोंगाट मुक्या माइकइतकाच कमी असतो. त्यासाठी आकडे बघावे लागतात.

७. आकडे, थोडक्यात पण नीट

प्रीॲम्पच्या माहितीपत्रकात ईआयएन नावाचा आकडा असतो. इनपुटच्या जागी मोजलेला त्याचा गोंगाट म्हणजे ईआयएन. तो जितका उणे तितका चांगला. सामान्य तापमानाला १५० ओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचाच गोंगाट सुमारे उणे १३१ डीबीयू (व्होल्टेज मोजायचं डेसिबलचं एकक) असतो, त्याखाली कुणीच जाऊ शकत नाही. उणे १२७-१२८ हा उत्तम, उणे १२० हा बऱ्याच छोट्या रेकॉर्डरच्या आसपासचा.

आता दोन माइक घ्या. रोडच्या एनटी५ या छोट्या कंडेन्सरची संवेदनशीलता ९४ डेसिबलच्या आवाजाला १२ मिलिव्होल्ट आहे आणि स्वतःचा गोंगाट १६ डेसिबल. हिशेब मांडला तर त्याचा स्वतःचाच गोंगाट दीड मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो. उणे १२० डीबीयूच्या प्रीॲम्पचा येतो पाऊण मायक्रोव्होल्टच्या थोडा वर, म्हणजे माइकच्या निम्मा. दोन गोंगाटांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं, त्यामुळे उणे १२० चा प्रीॲम्प काढून उणे १२८ चा लावला तरी एकूण सुधारणा एक डेसिबलहून कमी. हजारो रुपये घालून ती कानाला कळणारही नाही.

शूरचा एसएम५८ तेवढ्याच आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १६ डेसिबल कमी. त्याला गेन जास्त लागतो, आणि स्वतःचा गोंगाट फार थोडा असल्याने प्रीॲम्पची सूं सूं उघडी पडते. इथे तोच बदल साधारण साडेसहा डेसिबल देतो. हा फरक कुणालाही ऐकू येतो. रिबन माइकचं (धातूच्या पातळ पट्टीवर चालणाऱ्या माइकचं) गणितही असंच. पण जोराने गाणाऱ्या तोंडापासून दोन इंचावर धरलेल्या एसएम५८ ला याचीही गरज पडत नाही. प्रश्न येतो तो डायनॅमिक माइक लांबून, शांत वाद्यासमोर वापरला की.

८. प्रीॲम्प खरंच लागतो, तेव्हा कोणता

डायनॅमिक किंवा रिबन माइक आणि सूं सूं करणारा एक्सएलआर रेकॉर्डर, अशी जोडी असेल तर सगळ्यात छोटा उपाय म्हणजे माइक आणि वायरच्या मध्ये बसणारा बूस्टर. क्लाउडलिफ्टर सीएल-१ सुमारे २५ डेसिबल देतो, फेटहेड २७ च्या आसपास. दोघांना रेकॉर्डरची फँटम पॉवर लागते, ती क्लाउडलिफ्टर आणि साधा फेटहेड स्वतःच खातात आणि पुढे माइककडे जाऊ देत नाहीत. म्हणून कंडेन्सर माइकला हे लावू नका, माइक चालणारच नाही. पहिल्या पायरीवरच गेन मिळाल्यामुळे पुढच्या रेकॉर्डरचा गोंगाट तुलनेत नगण्य होतो, हे यांच्या कामाचं गमक आहे.

दुसरा प्रसंग अगदी उलट. कॉलरला लावायचे बारीक इलेक्ट्रेट माइक ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून चालतात, आणि त्यांना रेकॉर्डर जेमतेम दोन-तीन व्होल्ट पुरवतो. गोव्यात गणपतीत घुमट आरती टिपायला गेलात, शेजारी घुमट, शामेळ आणि कासाळें ही दणदणीत वाद्यं असली, की माइकच्या आतलाच ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजमुळे कोलमडतो. गेन कितीही कमी करा, माथे सपाटच. इथे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा डबा लागतो: बॅटरी बॉक्स, किंवा त्यातच थोडा गेन असलेला प्रीॲम्प. त्याचं आउटपुट रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला द्यायचं. आवाज मोठाच असल्यामुळे घुमट आरतीला नुसता गेन नसलेला डबा पुरतो. गेनवाला लागतो तो सतार किंवा नुसतं गाणं टिपायला.

लाइन इनपुटचा मुद्दा खरेदीआधी नक्की तपासा. प्रीॲम्प घेऊन तो माइक इनपुटला जोडला तर पाचव्या तपासणीतला फाटका आवाज परत येतो. काही रेकॉर्डरमध्ये लाइन असं लिहिलेलं असूनही सिग्नल आतल्या पॅडमधून जाऊन त्याच माइक-प्रीॲम्पकडे जातो. तेव्हा बाहेरच्या यंत्राचा गेन पुरेसा वर आणि रेकॉर्डरचा अगदी खाली ठेवून चालवावं लागतं.

कंडेन्सरची जोडी असेल आणि जुना रेकॉर्डर खरंच दोषी ठरला असेल, तर वेगळा प्रीॲम्प घेण्यापेक्षा मी सध्या रेकॉर्डरच बदलायला सांगते. दोन यंत्रं, दोन जोडी सेल, मधली वायर आणि तिच्या खरखरीची काळजी, हे सगळं पोर्टेबल कामात नकोसं होतं. झूमचा २०२२ सालचा एफ३ हा मुठीत मावणारा, दोन एक्सएलआर इनपुटचा रेकॉर्डर आहे. त्याचा ईआयएन उणे १२७ डीबीयू आणि रेकॉर्डिंग ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी बारीक आणि अगदी मोठ्या अशा दोन्ही आवाजांना जागा असलेल्या प्रकारात. त्याला गेनचं बटणच नाही, म्हणजे दुसऱ्या तपासणीतल्या दोन्ही चुका करायची सोयच उरत नाही. फ्लोट आहे म्हणून सगळं वाचतं असं मात्र समजू नका. माइकच फाटला किंवा इनपुटच्या मर्यादेपलीकडे सिग्नल गेला, तर तेही तितक्याच इमानाने नोंदलं जातं. अजून वरच्या पट्टीत साउंड डिव्हायसेसचा मिक्सप्री-३ आहे. तो चांगलाच आहे, पण घरगुती बैठकीसाठी तो लागतोच असं मला वाटत नाही.

९. इथे थांबा

माइकला, स्टँडला किंवा तानपुऱ्याच्या शेजारच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा. सगळ्यांना धातूपासून दूर करा आणि वायरमनला बोलवा. ही घूंची तक्रार राहिलेली नाही, जिवाला धोका आहे. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापणं, टेप लावून झाकणं हे कुणीही सांगितलं तरी करू नका. मिक्सर आणि रेकॉर्डर एकत्र जोडल्यावरच घूं येत असेल तर रेकॉर्डर सेलवर चालवा, किंवा मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. ते करूनही राहिली तर मांडवाची वायरिंग जाणकाराने बघायला हवी.

मल्टिमीटर येत असेल तर फँटम चालू करून पिन १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये व्होल्टेज मोजा. दोन्ही सारखे आणि ४४ च्या वर हवेत. एक बाजू कमी असेल तर आतला रेझिस्टर किंवा सॉकेटचा डाग गेलेला असतो. तो रेकॉर्डर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आतली कामं फार बारीक असतात. कंडेन्सर माइकची कॅप्सूल कधीच उघडू नका आणि पुसू नका. सिलिका जेलमध्ये दोन-तीन रात्री ठेवूनही फट् फट् गेली नाही, तर तो कंपनीच्या सेवा केंद्रातच जायला हवा.

घरातल्या एखाद्या वृद्ध गायकाचं शेवटचं गाणं असेल किंवा पुन्हा कधीच होणार नाही अशी बैठक असेल, तर तिथे नव्या यंत्राचा प्रयोग करू नका. दुसरा, स्वतंत्र रेकॉर्डर चालू ठेवा, आणि जमत असेल तर अनुभवी ध्वनिमुद्रकाला बोलवा. फाटलेलं किंवा सूं सूं असलेलं जुनं रेकॉर्डिंग साफ करायला दिलंत तर मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. सोबत मुक्या माइकची ती एक मिनिटाची फाइलही द्या, आणि एका चिठ्ठीवर माइक, गेन, अंतर आणि कोणत्या मिनिटाला काय ऐकू येतं ते लिहून द्या. तंत्रज्ञाचा पहिला तास त्यातच वाचतो.